मारबतीच्या आतला माणूस

त्या पावसाळ्यात आमच्या घरात भातालासुद्धा रबराचा वास येई. छपरीत ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबांचा ढीग, कोपऱ्यात पंक्चरच्या सोल्यूशनचे डबे, एसटीच्या भंगार सीटांतून काढलेला पिवळा फोम, आणि या सगळ्याच्या मधोमध बांबूच्या कामट्यांची एक उभी छाती. नुसती छाती. तिला डोकं यायचं होतं, हात यायचे होते. बाबा सकाळी तोंड धुवायला उठले की तिला वळसा घालून जात. माय चुलीपाशी बसून लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी देई आणि नाकाला पदर लावून म्हणे, फोडणीचाच वास येत नसेल तर ती जळली की बसली हे मला कळावं कसं. तिचं म्हणणं खरं होतं. त्या महिन्यात आम्ही बऱ्याचदा जळकी डाळ खाल्ली.

हा सगळा पसारा माझ्या मोठ्या भावाचा, वामनदादाचा. आमचं गाव नाकाडोंगरीच्या अंगाला. एका बाजूला मँगनीजच्या खाणी, दुसऱ्या बाजूला जंगल आणि मधे धानाच्या बांध्या. दादाला शेतीची गोडी नव्हती, पण हातात कला होती. गावची मारबत दरवर्षी तोच बांधायचा. ज्यांना मारबत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, बांबूची, पळसाच्या डहाळ्यांची आणि जुनेराची एक बाई करून तिला गावाबाहेर हाकलतात. 'ईडा पीडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत' असं ओरडत सारं गाव तिच्या मागे निघतं. आमच्या गावात आणखी एक रीत होती. ज्याच्या घरचं दुखणं मोठं, तो दुखणाइताच्या कपड्याची चिंधी तिच्या हाताला बांधायचा. शिवेवरच्या नाल्यापलीकडे तिला जाळलं की लोक मागे न पाहता घरी येत. गेलेली मारबत परत येत नाही, एवढंच तिचं शास्त्र.

तुमसरला प्रभाकरभाऊ नावाचे गृहस्थ लग्नाच्या शूटिंगा करायचे. खांद्यावर शेंबड्या पोराएवढा व्हिडिओ कॅमेरा घेऊन ते मांडवात शिरले की नवरदेवापेक्षा त्यांनाच जास्त मान मिळे. वरमायांचे रुसवेफुगवे टिपून टिपून त्यांना कंटाळा आला असावा, कारण त्यांनी सिनेमा काढायचं मनावर घेतलं. टॉकीजमध्ये लागणारा नव्हे, कॅसेटवरचा, व्हिडिओ पार्लरातून भाड्याने नेऊन घरी पाहण्याचा. गोष्ट अशी होती की खाणीत सुरुंग लागतो, दगडाच्या पोटात युगानुयुगं झोपलेला दुसऱ्या ताऱ्यावरचा एक जीव जागा होतो आणि गावाकडे चालू लागतो. सिनेमाचं नाव तीनदा बदललं आणि शेवटचं नाव कोणालाच आवडलं नाही. हिरो त्यांचा साळा होता, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. तो ताऱ्यावरचा जीव तेवढा खरा वाटायला हवा होता. दादाच्या मारबतीची कीर्ती तुमसरपर्यंत गेलेली असल्याने ते काम आमच्या छपरीत आलं. बांधणारही दादा आणि आत शिरून चालणारही दादा.

दादाने काढलेलं पहिलं चित्र म्हणजे शिंगं, सुळे आणि लोंबती लाल जीभ, जत्रेतल्या राक्षसासारखं. मी तेव्हा बारावी नापास होऊन घरी बसले होते, म्हणजे माझ्या मताला किंमत काडीची नव्हती आणि वेळ मात्र भरपूर होता. मी म्हटलं, दादा, याला पाहून लोक हसतील, याला तोंडच नको. लहानपणी खाणीच्या पाण्यात बुडालेला एक बैल मी पाहिला होता. तो वर आला तेव्हा माशांनी त्याचं तोंड खाऊन टाकलेलं होतं. डोळे नाहीत, नाकपुड्या नाहीत, तरी तो आपल्याकडेच पाहतो आहे असं वाटून मी घरी पळत आले होते. हे मी दादाला सांगितलं. त्याने रबराने ते शिंगवालं तोंड खोडून टाकलं. तेव्हापासून आमच्या जनावराचं डोकं पालथ्या घागरीसारखं गुळगुळीत झालं. तोंडाच्या जागी एक आडवी चीर, दादाला पाहायला आणि श्वास घ्यायला.

मग कातडी. ट्यूबच्या पट्ट्या कापायच्या, फोमवर सोल्यूशनने चिकटवायच्या, वर परत सोल्यूशनचा हात मारायचा आणि ते ओलं आहे तोवर मुठीने धानाचा कोंडा उधळायचा. वाळल्यावर खाणीतली काळी भुकटी चोळायची. उजेडात ती कातडी ओल्या दगडासारखी चमके. पाऊस होता म्हणून छपरीला ताडपत्र्या लावलेल्या, त्यामुळे वास आणि धूळ आतल्या आत फिरे. लाळेसाठी मी जवस उकळून त्याचं बुळबुळीत पाणी काढलं. चटणीसाठी ठेवलेलं जवस असं चुलीवर वाया जाताना पाहून मायने कपाळाला हात लावला. चाल दादाने रोवण्यातून उचलली. गुडघाभर चिखलात धानाचे परहे, म्हणजे रोपं, लावताना माणूस एक पाय उपसतो, थांबतो, दुसरा उपसतो, तशी. कोरड्या अंगणात त्याला तसं चालताना पाहून आमचा कुत्रा भुंकला नाही, शेपूट घालून गोठ्यात गेला.

जनावराचा श्वास मात्र माझा. रिकाम्या घागरीत तोंड घालून मी आत हवा ओढायची आणि घशातून सोडायची. प्रभाकरभाऊंना तो आवाज इतका आवडला की त्यांनी माझ्या तोंडापाशी माईक धरून तो पुन्हा पुन्हा काढायला लावला. हा तुला सुचला कसा, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. तो आवाज बाबांचा होता. बाबांना दमा होता आणि पावसाळ्यात तो चेवायचा. भिंतीला उशी लावून बसलेल्या बाबांची ती आत ओढलेली हवा ऐकतच मी लहानाची मोठी झाले. एकदा मी अंगणात सराव करत होते तर माय धुणं टाकून धावत बाहेर आली. बाबा बांधावर गेलेले होते आणि तिला वाटलं, ते परत येऊन इथेच कोसळले. मी घागर खाली ठेवली. माय म्हणाली, 'मंदे, हा आवाज घरात नोको काढत जाऊ.' मग मी नाल्यावर जाऊन सराव करू लागले.

आता माझा नातू मोबाइलवर असले सिनेमे पाहतो आणि सिनेमापेक्षा तो सिनेमा कसा केला तेच जास्त पाहतो. हिरव्या कपड्यातला माणूस उड्या मारतो आणि कॉम्प्युटर त्याला राक्षस करतो. आजी बघ, असं तो म्हणाला की मी बघते आणि चांगलं आहे म्हणते. आमच्या वेळी हे 'कसं केलं' निघालं ते निव्वळ कॅसेटच्या लांबीपायी. सिनेमा संपून कॅसेट बरीच शिल्लक राहत होती आणि प्रभाकरभाऊंचं म्हणणं, कोरी फीत दिसली की गिऱ्हाईक फसवलं म्हणून भांडायला येतं. लग्नाच्या कॅसेटीत ते उरलेल्या जागेत फुलझाडं भरत. इथे त्यांनी ठरवलं की जनावर कसं बनलं तेच भरायचं. म्हणून ते येताजाता आमच्या छपरीत कॅमेरा चालू ठेवत. मी पट्ट्या कापताना, दादा कोंडा उधळताना, माय जवसावरून कुरकुरताना, सगळं त्या कॅसेटीवर गेलं.

सिनेमाच्या शेवटी गाव त्या जीवाला हाकलून लावतं. त्यासाठी गर्दी हवी होती. प्रभाकरभाऊंना सुचलं की मारबतीच्या पहाटे गर्दी आयतीच असते. दादाला त्या वर्षी वेगळी मारबत बांधायला सवड नव्हतीच, तेव्हा गावातल्या पोरांनीही मान डोलावली. यंदा हीच मारबत, एवढी मोठी मारबत पंचक्रोशीत कोणी पाहिली नसेल, म्हणून ती खुशीतच होती. कोणाला काही खटकलं नाही. खटकलं ते फक्त बाबांना. जेवताना त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

'वामन, मारबतीत जीव नसते घालत.'

'बाबा, थे मारबत नोहेच. सिनेमातलं जनावर हाय.'

'तुह्या सिनेमाले जनावर हाय. गावाले कोण हाय?'

दादा हसला आणि मायने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. बाबांना त्या आठवड्यात धाप फार लागत होती, त्यामुळे त्यांचं बोलणं तेवढ्यावरच राहिलं. पोळा झाला, बैलांची पूजा झाली, पुरणपोळ्या झाल्या. पहाटे मी दादाला कातडीत चढवलं, पाठीवरची दोरी आवळली आणि शेवटी डोकं बसवलं. डोकं बसलं की माझा भाऊ दिसेनासा व्हायचा. मी पाण्याचा लोटा घेऊन पुढे नाल्यापलीकडे जाऊन थांबले. प्रभाकरभाऊ कॅमेरा घेऊन गर्दीबरोबर चालत येणार होते.

आधी हसण्याचा आवाज आला, पोरांच्या किंकाळ्या आल्या. मग ओरडा सुरू झाला, घेऊन जा गे मारबत, आणि हळूहळू त्या आवाजातलं हसू गेलं. हे मी लांबून, नुसत्या कानांनी ओळखलं. दरवर्षी मारबतीच्या मागे पोरंच जास्त ओरडतात. त्या दिवशी मोठ्या माणसांचे आवाज वर आले, आणि ते दुखण्यांची नावं घेत होते. ताप. गाठ. फेपरं. धुक्यातून जनावर दिसलं तेव्हा ते रोवण्यातल्या चालीने येत होतं, पाय उपसत, थांबत. दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत चिंध्यांनी भरले होते. शेजारच्या सोनाकाकूंच्या नातीला डांग्या खोकला होता, लेकरू खोकून खोकून निळं पडे. तिच्या गुलाबी झबल्याची चिंधी मी लगेच ओळखली.

नाला ओलांडल्यावर मी दोरी सोडली आणि डोकं काढलं. दादाचा चेहरा घामाने भिजून पांढरा पडला होता. मी विचारलं, लई गरम झालं का. त्याने पाण्याचा लोटा बाजूला सारला. मी चिंध्या सोडायला लागले तर त्याने एक चिंधी स्वतः सोडली आणि मुठीत धरली. काठावर लोक आगपेटी घेऊन उभे होते. पण प्रभाकरभाऊंचे खाणीतले काही शॉट बाकी होते. त्यांनी कातडी जाळू दिली नाही, जीपमध्ये टाकून तुमसरला नेली. फक्त त्या वर्षी कोणीच मागे न पाहता गेलं नाही, सगळे वळून वळून जीपकडे पाहत होते.

दादा थकून नाल्यापलीकडेच पडून राहिला आणि दुपारी भूक लागली म्हणून घरी निघाला. नाल्यावर सोनाकाकू नातीला कडेवर घेऊन उभ्या होत्या, मागे आणखी बायामाणसं. काठ्या नव्हत्या, शिव्या नव्हत्या. काकूंनी लेकरू खाली ठेवलं आणि हात जोडले.

'वामन, बाप्पा, पोरगी आज पोटभर जेवली. सकाळपासून खोकला नाही. तूनं नेलं. आता वापस नोको आणू.'

दादाला हसू आलं. हसताना त्याला ठसका लागला, आणि ठसक्याचा खोकला झाला, आणि तो खोकला थांबेना. लोक एक एक पाऊल मागे सरले. खोकला थांबल्यावर दादाने डोळे पुसले, त्यांच्याकडे पाहिलं आणि तो पाठमोरा फिरला. नाल्यापलीकडे आमच्या खळ्यावर राखणीची एक गवती खोपडी होती, तिथे जाऊन बसला. मला वाटलं, दोन दिवसांचा तमाशा आहे, उतरेल.

उतरला नाही. मी रोज डबा घेऊन जाई. दादा खोपडीत खोकत असे. मीच त्याला तुमसरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, काम काय करतो विचारलं, आणि बंद जागेत सोल्यूशनची वाफ आणि कोंड्याची धूळ खाल्ली तर दुसरं काय होणार म्हणून दोघांनाही झापलं. औषध दिलं, वेळ लागेल म्हणाले. हे मी गावात दारोदार सांगितलं. लोक ऐकून घेत, हो बाई म्हणत, आणि गुळाचा खडा हातावर ठेवून निरोप देत. कोणी वाईट वागलं असतं तर भांडता आलं असतं. ते दादाचे उपकार मानत होते. सोनाकाकू तर रोज त्याच्यासाठी काहीबाही करून माझ्याकडे देत, आणि नाल्यापर्यंत माझ्यासोबत येत.

घरात आणखी एक गोष्ट झाली होती आणि तिच्याबद्दल आम्ही कोणीच बोलत नव्हतो. बाबांची धाप थांबली होती. पाऊस तसाच होता, ओल तशीच होती, आणि बाबा आडवे होऊन झोपत होते. मला आधी फार आनंद झाला. मग एका दुपारी ते खाटेवर झोपले असता घर इतकं शांत वाटलं की मी उठून त्यांच्या छातीकडे पाहून आले. माय दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, आम्ही एकमेकींकडे पाहिलं, आणि ती पुन्हा खडे वेचू लागली. मला भीती वाटली, आणि कशाची ते सांगता येईना.

मग मला ती कॅसेट आठवली. तुमसरला प्रभाकरभाऊंच्या दुकानात जाऊन मी हट्टाने ती लावून घेतली. कातडी बनवण्याच्या भागात ते दिसलं. पोळ्याच्या कितीतरी आधी, छपरीत कोंडा उडतो आहे आणि दादा खोकून खोकून वाकला आहे. तोच खोकला. तेवढ्यात लाइट गेली, पण मला हवं ते मिळालं होतं. गावाने हे डोळ्यांनी पाहिलं की संपलं, दादाचा खोकला दादाचाच आहे, कोणाच्या लेकराचा नाही. प्रभाकरभाऊ टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन यायला तयार झाले, सिनेमाही गावाला दाखवायचाच होता. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'सिनेमा दाखव. मागचं नोको दाखवू.' मला वाटलं, ट्यूबा कापताना दिसायची त्याला लाज वाटते. मी म्हटलं, तू गप्प राहा, उद्या घरी जेवायला ये.

शाळेसमोर बाकावर टीव्ही मांडला. सायंकाळची वेळ, सगळं गाव खाली बसलेलं, बाबांना खुर्ची दिलेली आणि त्यांच्या मागे बायांमध्ये माय. सिनेमा झाला. प्रभाकरभाऊंच्या साळ्याला लोक हसले, जनावराला कोणी हसलं नाही. मग मागचा भाग सुरू झाला आणि मी टीव्हीशेजारी उभी राहून सांगू लागले. हा फोम एसटीचा, ही ट्यूब कोणाच्या ट्रॅक्टरची ओळखा, हा कोंडा आपल्याच धानाचा. पडद्यावर मी घागरीत तोंड घातलं तेव्हा बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हसताहेत म्हणजे भीती मोडते आहे. मग कोंडा उडाला, दादा खोकला, खूप वेळ खोकला. मी सांगितलं की हे पोळ्याच्या आधीचं आहे, हे बघा, छातीला अजून डोकंसुद्धा लागलेलं नाही. सोनाकाकू पुढे सरकून पाहत होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, 'हा तं पयलेपासूनच खोकलून राहिला होता.' मागून कोणी म्हणालं, मंग आपला नोहे हा. मी जिंकले होते. भात जास्त टाकायला हवा, असं मनात आलं तेही मला आठवतं.

मी टीव्ही बंद करायला हवा होता असं नंतर पुष्कळ जण म्हणाले. पण पुढे काय आहे ते मला कुठे ठाऊक होतं. पुढे ती पहाट होती, सिनेमात न घेतलेली उरलेली. धुकं, पाठी, उंचावलेले हात, सोनाकाकू झबल्याची चिंधी बांधताहेत. मग बाजूने एक बाई आली. ती धावत नव्हती, ओरडत नव्हती. हिरव्या काठाचं लुगडं मी चेहऱ्याआधी ओळखलं. मायने कमरेची चिंधी काढली, बाबांच्या रेघांच्या बंडीची, आणि जनावराच्या दंडाला बांधली. पोळ्याच्या बैलाला बांधावी तशी नीट, गाठ ओढून पाहून. मग वर त्या चिरेकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. गर्दीच्या आवाजात ऐकू काहीच आलं नाही, पण त्या दिवशी सगळे एकच शब्द बोलत होते. जनावर थांबलं. त्याने ते गुळगुळीत डोकं तिच्याकडे वळवलं आणि ते तसंच उभं राहिलं, मागची माणसं त्याला धडकेपर्यंत. मग पाय उपसून पुढे गेलं.

टीव्ही चालूच होता पण पाहत कोणी नव्हतं. सगळे मागे वळले होते. सोनाकाकूंचा आवाज अगदी हलका होता, त्यात टोमणा नव्हता.

'तुले तं मालूम होतं ना बाई, अंदर कोण हाय थे.'

'मालूम होतं,' माय म्हणाली. 'मीच तं त्याले पेज पाजून धाडलं.'

बाबा खुर्चीवरून उठले. खांद्यावरचा दुपट्टा त्यांनी नीट केला आणि ते घराकडे चालू लागले, सरळ, न थांबता, एकदाही धाप न लागता. सारं गाव त्यांचं ते चालणं पाहत होतं. माझ्या कॅसेटीने जे सिद्ध केलं होतं ते त्या चालण्यापुढे टिकलं नाही. जन्म देणारीनेच बांधून दिलं म्हणजे गेलंच ते, आणि आता ते परत आणा असं म्हणणार कोण.

मी मायवर अतोनात चिडले. चुलीपाशी उभी राहून तिला नको नको ते बोलले. ती म्हणाली, 'सगळे बांधून राहिले होते. हात आपोआप गेला.' एवढंच. हे खोटं नव्हतं असं आज मला वाटतं. वर्षानुवर्षं ती बाबांची चिंधी त्याच वाटेवर त्याच मारबतीला बांधत आली होती, त्या पहाटेही तिचा हात तसाच गेला. पण मग ओठ हलले त्याचं काय, आणि जनावर थांबलं तेव्हा ती मागे का सरली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. राग अजून पुरता निवला नाही. मीही आता आई आहे, नवऱ्याची आजारपणंही काढली आहेत, तरी निवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन माय स्वतः निघाली. मी मागे गेले. दादा खळ्यावर बसला होता. तिने भात वाढला, डाळ वाढली, आणि तो जेवेपर्यंत माश्या वारत राहिली.

'बाबा कसे हायेत?' त्याने विचारलं.

'चांगले हायेत. आंग टाकून झोपतेत.' मग ती थोडी थांबली. 'तू म्हणशीन तं चाल घरी.'

'आणि बाबाले धाप लागली तं?'

मायने डब्यातला उरलेला भात त्याच्या ताटात वाढला. दादाने ताटाकडे पाहत थोडा वेळ वाट पाहिली. मीही पाहिली. मग त्याने ताट चाटूनपुसून साफ केलं, हात धुतले आणि म्हणाला, मी साकोलीले जातो, तिकडे हायवेवर काम भेटते.

त्याला टायरच्या दुकानात काम मिळालं, पुढे त्याचं स्वतःचं दुकान झालं. थंडी सरता सरता त्याचा खोकलाही गेला. त्याचं लग्न तिकडेच झालं, पोरं झाली. माय दर थोड्या दिवसांनी बसने जाऊन त्याला भेटून येई. बाबांना मात्र तिने एकदाही नेलं नाही, लग्नालाही नाही. बाबांनी एकदा जायचं म्हणून टोपी घातली तर ती दारात आडवी बसली. बाबा टोपी काढून खाटेवर बसले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. धाप न लागता रडताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. त्यांना श्वास मिळाला होता आणि तो त्यांना नको होता. तो सिनेमा पार्लरात काही दिवस फिरला आणि विसरला गेला. प्रभाकरभाऊ पुन्हा लग्नांकडे वळले. लोक सिनेमा अर्ध्यावर सोडतात पण मागचं मात्र शेवटपर्यंत पाहतात, असं ते सांगत. माझ्याकडे ती कॅसेट आहे, फितीला बुरशी लागली आहे, आणि ती चालवायचं यंत्र आता कोणाकडेच नाही.

बाबा गेले ते बऱ्याच वर्षांनी, बांधावर, दुपारी, हातात विळा असताना. दम्याने नाही. निरोप गेला आणि दादा निघाला. सगळं गाव आमच्या अंगणात होतं, त्याला अडवायला नाल्यावर कोणीच नव्हतं. तरी तो पलीकडे थांबला, बायको आणि पोरं मागे, चपला हातात. कोणीतरी येऊन सांगितलं. माय बाबांच्या पायाशी बसली होती, ती उठली. बाया तिला धरत होत्या, तिने हात सोडवून घेतले आणि एवढ्या उन्हात अनवाणी सारं गाव ओलांडून नाल्यापर्यंत चालत गेली. मी तिच्या मागेच होते. केस पांढरे झालेल्या त्या माणसाकडे तिने पाहिलं आणि हात पुढे केला.

'ये बाबू,' ती म्हणाली. 'आता ये.'